वाटीत न मावणारी रवी

मित्रांनो, तुमच्या घरी ताक पिशवीतून येत असेल, तर तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुनी लाकडी रवी. वाणगावच्या दामू सुताराने सागाच्या तुकड्यातून मला कोरलं, डोक्याला आठ पाकळ्या काढल्या आणि चिंचणीच्या चंद्रकांताबाईंच्या हाती दिलं. तेव्हापासून मी त्यांच्याच स्वयंपाकघरात आहे.

बाईंचं सगळं वेळेवर. आंघोळ, तुळशीला पाणी, मग दह्याचं पातेलं. सूर्य डोक्यावर आला की पोटातला अग्नीही जागा होतो, म्हणून पोटभर जेवण दुपारीच, असं त्या सांगत. उन्हाळ्यात ताकात जिरं, पावसाळ्यात सुंठ नि सैंधव. दिवस मावळला की ताक नाही. भाद्रपदात दही वर्ज्य, म्हणून मी महिनाभर खुंटीवर. आश्विन लागला की कोमट पाण्याने धुऊन, हळदकुंकवाचं बोट लावून त्या मला पुन्हा कामाला घेत.

मुलगा धर्मेश तेव्हा लहान. दुपारी दोघं समोरासमोर बसत. "आई, अजून ओत ना!" हे ऐकलं की मला कोण आनंद होई!

पुढे धर्मेश बोईसरला कारखान्यात लागला. रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपे, तो दुपारी तीन-चारला उठे. बाई उपाशी थांबत. लेकाबरोबर बसून चार घास, एवढंच त्यांना हवं होतं.

शेजारची उषा मासळी विकून परतताना दारातूनच हाक मारी. "काकी, आमाला सांगता, दुपारचं दुपारी जेवा. आनि तुमी चार वाजता? तुमचा सूर्य पन कंपनीत लागला काय?"

"गप गं," म्हणून बाई हसत.

पण एकदा आश्विनातल्या उन्हात, रिकाम्या पोटी, पित्ताने त्यांना भोवळ आली. उषाने सावरलं म्हणून बरं. गलक्याने धर्मेश धडपडत उठला. आईचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून म्हणाला, "उद्यापासून बाराला जेवायचं. माझ्यासाठी थांबलीस तर तुला माझ्या गळ्याची शपथ!"

मित्रांनो, जिने कधी साधा उपास मोडला नाही, ती लेकाची शपथ कशी मोडेल? दुसऱ्या दिवसापासून बाई बरोबर बाराला एकट्या जेवू लागल्या. प्रकृती सुधारली. पण एकटा जेवणारा धर्मेश ताक मागेना, आणि एका माणसाला दही लागतं किती? वाटीभर. वाटीत माझं डोकं मावेना, म्हणून चमचा आला. आता मला बाराही महिने भाद्रपद.

परवा सुटी होती. धर्मेश अडीचला उठला.

"आई, आज बसूया एकत्र?"

"मी जेवले रे. बारालाच."

"अगं, आज सुटी होती की!"

"शपथेला सुटी नसते, बाळा," त्या हळूच म्हणाल्या आणि त्याचं ताट वाढून ओटीवर जाऊन बसल्या. त्याने ताटातला भात नुसताच चिवडला.

मित्रांनो, वेळेवर जेवा, ऋतू बघून जेवा. बाई सांगतात ते खरंच आहे. आईलाही वेळेवर जेवायला जरूर सांगा. फक्त निदान सुटीच्या दिवशी बाराच्या आत उठून तिच्यासमोर जाऊन बसा. त्याने कुणाची शपथ मोडत नाही. पातेलंभर ताक मात्र लागतं.