नसलेल्या बाळांची दुपटी

पावसाळा संपेपर्यंत सारिकाच्या पलंगाखाली दुपट्यांचा ढीग झाला होता. प्रत्येक दुपट्यावर एका बाळाचं नाव होतं. अन्वी, रेयांश, शर्विल, इरा. ही बाळं कुणी पाहिली नव्हती. पार्सलं जशी गेली तशीच परत आली होती.

सारिका सोमाटण्याची. तान्ह्या बाळांसाठी मऊ दुपटी आणि कुंच्या शिवून ती मोबाईलवरून विकायची. सासू धोंडाबाई जुन्या सुती साड्या निवडून उकळून द्यायची, सारिका थर लावून धावदोरा घालायची आणि गल्लीतली सरुबाई रंगीत दोऱ्यानं बाळाचं नाव भरायची. नावामुळंच माल खपायचा. पण नाव भरलं की ते दुपटं त्याच बाळाचं. परत आलं तर दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

बहुतेक गिऱ्हाइकं पार्सल हातात पडल्यावर पैसे देणारी. उन्हाळ्यापर्यंत ते नीट चाललं. मग लोणावळ्याहून ऑर्डरी यायला लागल्या, एकामागून एक, आणि त्यातलं एकही पार्सल कुणी उचललं नाही. तिथल्या पोस्टात पडून राहायचं, मग पोस्टमन सोपानभाऊ ते दारात आणून ठेवायचे आणि मान खाली घालून म्हणायचे, "सारिका, परतीचं भाडं भरावं लागंल. पडून ऱ्हायल्याचा आकार बी हाय."

"घेतलं त्यांनी नाही आणि भरायचं मी?"

"नियमच हाय तसा. पाठवणाऱ्यानंच भरायचं."

तिनं त्या नंबरांवर फोन लावून पाहिले. काही बंद, काही नुसते वाजत राहायचे. पोस्टातल्या साहेबांनाही भेटली. ते म्हणाले, पार्सल घ्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. त्यात चूक काही नव्हती, पण सारिकाचं भांडवल भाड्यातच चाललं होतं. शेवटी तिनं सरुबाईला काम थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सरुबाई हायवेवरच्या ढाब्यात भांडी घासायला जायला लागली. एका दुपारी सारिकानं तिला तिथं नळापाशी पाहिलं. सुईच्या हातांना काळी राख लागलेली. त्या दिवशी सारिकाच्या डोक्यात ठिणगी पडली.

ती लोकलनं लोणावळ्याला गेली आणि परत आलेल्या एका पार्सलवरचा पत्ता शोधत तुंगार्लीतल्या एका बंगल्यापाशी पोचली. फाटकावर हनुमंत नावाचा म्हातारा वॉचमन बसला होता.

"इरा नावाचं बाळ राहतं का इथं?"

"बाळ?" हनुमंत हसला. "अवो बाई, हितं शनवार-रईवारी पार्टीवालं येत्यात. मालक मुंबईला. बाळ कुटनं यायचं?"

"पोस्टमन पार्सल घेऊन आला होता ना?"

"लय वेळा आला. मी सांगितलं, कोण न्हाई. अमृताताईंनी तसंच सांगाया लावलंय. ह्यो बंगला, पलीकडचे दोन, समद्यांच्या चाव्या त्यांच्याकडंच असत्यात. बाजारात दुकान हाय बघा त्यांचं."

सारिकाला दुकान सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिची सगळी दुपटी त्याच दुकानात जायची. अमृता त्यावर स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी डकवून पर्यटकांना चौपट भावानं विकायची आणि सारिकाला पैशांसाठी दर महिन्याला हेलपाटे घालायला लावायची. सारिकानं माल देणं बंद केलं तेव्हा अमृता म्हणाली होती, "पोस्टाच्या भरवशावर धंदा करतेस? बघू किती दिवस टिकतेस."

ती तशीच दुकानात गेली. अमृता गल्ल्यावर बसली होती.

"खोट्या ऑर्डरी तुम्ही टाकता," सारिका म्हणाली.

अमृतानं गिऱ्हाइकाला पिशवी दिली, मग सावकाश तिच्याकडे वळली. "पार्सल घेतलं नाही हा काय गुन्हा आहे? जा, कर तक्रार. आणि माल पडून असेल तर आण इकडे. नावं उसवून घेईन, पडेल त्या भावात."

सारिका बाहेर पडली. परतीच्या गाडीत ती दाराशी उभी राहिली. तिला पैसे नको होते, माफीही नको होती. त्या बाईला चारचौघांत तोंड लपवायला जागा मिळू नये, एवढंच हवं होतं.

संधी नवरात्रानंतर आली. अमृताची लेक रेणुका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण अमृतानं स्वतःच मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असं लावलं होतं. लोणावळ्यातला हॉल, जेवण, फुलांचा पाळणा. सारिकानं ते वाचलं आणि पलंगाखालचा ढीग बाहेर ओढला. एकेक दुपटं झटकलं, घडी केली, त्यावर पार्सलचा मूळ पत्ता टाचणीनं टोचला.

धोंडाबाई दारात उभी राहून बघत होती. "काय चाललंय?"

"बारशाला आहेर नेतेय."

धोंडाबाईच्या ते ध्यानात आलं. "अमृताला काय करायचं ते कर. पन त्या पोरीच्या बारशात नगं. त्या बाळंतिणीनं तुजं काय वाकडं केलंय?"

"सरुबाईनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?" सारिका म्हणाली आणि पिशव्यांचे बंद बांधले.

सरुबाईला तिनं सगळं खरं सांगितलं. सरुबाईनं ढाब्याला सुट्टी टाकली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल."

हॉल भरला होता. पाळण्याभोवती बायका गात होत्या. बाळाची आत्या नाव सांगायला कानाशी वाकायच्या बेतात होती. रेणुका डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसलेली, दमलेली, पण चेहऱ्यावर तेज. सारिका आणि सरुबाई सरळ पुढं गेल्या. अमृतानं त्यांना पाहिलं आणि हातातलं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं.

पुण्याहून आलेल्या विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "या या. तुम्ही कोण?"

"आम्ही दुपटी शिवतो," सारिका म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम सगळ्यांना जाईल असा ठेवला. "अमृताताईंनी आमच्याकडून लय मागवली होती. न्यायला त्यांना सवड झाली नाही. म्हटलं, आज घरात बाळ आलंय, आपणच पोचवू."

तिनं पिशवी उघडली आणि पाळण्याशेजारच्या सतरंजीवर एकेक दुपटं पसरायला लागली.

"हे अन्वीचं. हे रेयांशचं. हे शर्विलचं. हे इराचं."

गाणं थांबलं. कुणी तरी हसलं, मग तेही थांबलं. दुपटी संपत नव्हती. विहीणबाईंनी एक उचललं, नावावरून बोट फिरवलं, टाचणीचा कागद वाचला. "हा तर तुंगार्लीचा बंगला. आम्ही साखरपुड्याला तिथंच उतरलो होतो. त्याच्या चाव्या तुमच्याकडे असतात ना, अमृताताई?"

अमृता म्हणाली, "ह्या बाईचं डोकं फिरलंय. निघ इथून."

"ही बाळं कुठं आहेत तेवढं सांगा, मग निघते," सारिका म्हणाली. "त्यांची नावं तुम्ही ठेवलीत. बारसं कधी केलंत?"

तेवढ्यात सरुबाई पुढं झाली. ती ओरडली नाही. "माजी नजर अधू झालीया बाई. तरी एकेक नाव भरताना मनात म्हनायची, लेकरू सुखाचं ऱ्हाऊ दे. आन तुमी मला नसलेल्या लेकरांसाठी बोलाया लावलंत."

खुर्चीतून रेणुकानं विचारलं, "आई, खरं आहे हे?"

अमृतानं तिच्याकडे पाहिलं, विहिणीकडे पाहिलं, आणि खाली बसून दुपटी गोळा करायला लागली. घाईघाईनं, कसंही, दोन्ही हातांनी. तिला मदत करायला एकही बाई वाकली नाही. सारिका ते डोळे भरून बघत उभी राहिली. दुकानातल्या गल्ल्यावरची ती ताठ मान आता तिच्या पायाशी होती. तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग रेणुका रडायला लागली, तिच्यापाठोपाठ बाळही, आणि आत्या नाव न सांगताच बाळाला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली.

परतीच्या गाडीनं कामशेत सोडलं. सरुबाई एकदम तोंडाला पदर लावून हसली. "कशी गोळा करत हुती बघितलंस?" सारिकाही हसली. शेजारच्या बायका बघायला लागल्या तरी दोघींना हसू आवरेना.

पुढं काय झालं ते लोणावळ्यातूनच कळत गेलं. बारसं त्या दिवशी कसंबसं उरकलं, आणि विहीणबाई चारच दिवसांत सुनेला आणि नातीला पुण्याला घेऊन गेल्या. मुंबईच्या मालकांनी बंगल्यांच्या चाव्या काढून घेतल्या. दुकान चालू राहिलं, पण बाजारातल्या बायका येता-जाता अमृताला विचारायच्या, "काय ताई, नवीन बाळ कुठलं?" अमृता गल्ल्यावर बसायची बंद झाली.

खोट्या ऑर्डरी थांबल्या. सारिकानंही नियम बदलला. पैसे आधी, शिलाई मग. त्यानं निम्मी गिऱ्हाइकं तुटली. खेड्यापाड्यातल्या ज्या बायकांना मोबाईलवरून पैसे पाठवता येत नव्हते, त्यांना ती नाही म्हणायला लागली, आणि ते म्हणताना दर वेळी तिला अमृताची आठवण येऊन दात खावेसे वाटायचे. उरलेल्या कामात सरुबाईचं मात्र भागलं. ढाबा सुटला.

दिवाळीनंतर एका दुपारी सारिकाला अनोळखी नंबरावरून संदेश आला. रेणुकाचा होता. "आईनं जे केलं त्याची मला लाज वाटते. पण माझ्या मुलीचं बारसं एकदाच होणार होतं. ते तुम्ही हिरावून घेतलंत."

सारिकानं तो वाचला. खाली बसून आणखी एकदा वाचला. धोंडाबाई साड्यांचे काठ फाडून वेगळे करत होती, तिनं विचारलं, "कुनाचं हाय?"

"अमृताच्या लेकीचं."

"काय म्हनती?"

सारिकानं वाचून दाखवलं. धोंडाबाईनं हातातला काठ बाजूला ठेवला. "मंग? काय लिवनार तिला?"

रेणुकासाठी सारिकाला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण सतरंजीवर वाकलेली अमृता आठवली की ते वाईट वाटणं मागं सरायचं, आणि परत तोच दिवस आला तर आपण पिशव्या घेऊन पुन्हा तिथंच जाऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रेणुकाला खोटं लिहायचं नव्हतं. खरं लिहवत नव्हतं.

"काही नाही लिहीत," ती म्हणाली, आणि मोबाईल पालथा ठेवून तिनं सुईत दोरा ओवायला घेतला.