भिंतीतलं घर

नंदाबाईंनी फ्रिजच्या रिकाम्या खोक्यावर गेरूने शेवटची वीट ओढली आणि आत उभ्या असलेल्या तनुजाला विचारलं, "श्वास घेता येतोय ना गं?"

"येतोय," खोक्यातून आवाज आला. "पण बाई, यात राहाबचं घर कुठंय?"

"कुठलं घर?"

"तुम्हीच सांगितलं ना, तिनं शत्रूच्या हेरांना लपवलं म्हणून तिचं घर वाचलं. आणि ते गावकुसाच्या भिंतीतच होतं. मग सगळी भिंत पडली, तर ते कसं वाचलं?"

नंदाबाईंचा कुंचला हवेतच थांबला. चर्चच्या संडे स्कूलमध्ये त्या एकतीस वर्षं शिकवत होत्या. बायबलमधली यरीहो शहराची गोष्ट मुलं दरवर्षी मागून घ्यायची; यंदा तिचंच नाटक बसत होतं. यहोशवाचं सैन्य शहराभोवती सात दिवस फेऱ्या घालतं, याजक रणशिंगं फुंकतात, लोक आरोळी ठोकतात आणि तट कोसळतो. तो कोसळताना वर्ग बाकं बडवायचा. बाईही टेबल बडवायच्या. हा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनाही पडला नव्हता.

तनुजाचं घर नदीकाठी होतं. मे महिन्यात एका सकाळी बुलडोझर आला आणि दुपारपर्यंत चर्चच्या मंडळीतल्या अकरा कुटुंबांची घरं गेली. नंदाबाई धावत पोचल्या तेव्हा ही पोर भांड्यांच्या पिंपावर बसून समोर बघत होती. रडत नव्हती. आता ते सगळे धायरीला भाड्याच्या खोल्यांत राहत. दोन बस बदलून मुलं चर्चला पोचेपर्यंत नाटकातली सैन्याची, याजकांची कामं वाटून झालेली असायची. राहिली ती भिंत. भिंतीला पाठांतर लागत नाही, असं म्हणून ती कामं त्यांना देणाऱ्या नंदाबाईच होत्या.

हात न धुताच त्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या खोलीत गेल्या. पाळक तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"साहेब, यंदा भिंतीचा एक तुकडा उभा ठेवावा म्हणते. राहाबचं घर. पवित्र शास्त्राला धरूनच आहे."

"मुलांचा गोंधळ होईल, बाई. मंडळी वर्षभर खचलेली आहे. त्यांना विजय दिसू दे. आपलं युद्ध माणसांशी नाहीच, ते आध्यात्मिक आहे. भिंत म्हणजे पाप. भिंत म्हणजे अविश्वास."

"भिंत म्हणजे तनुजा आहे, साहेब. आणि कांबळ्यांची दोन्ही पोरं."

पाळकांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं दुःख मला कळतं. पण देव कुणाच्या बाजूने लढतो, असले प्रश्न मुलांपुढे..."

"मुलांनीच तो माझ्यापुढे ठेवलाय. बुलडोझर आला तेव्हा देव फेऱ्या घालणाऱ्यांत होता की आत आमच्याजवळ होता, एवढंच त्यांना विचारायचंय."

"मग तुम्ही काय सांगणार?"

"काय सांगू? एकतीस वर्षं मी फेऱ्याच घालायला शिकवल्या."

बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. पाळकांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "भिंत पडेल, बाई. मंडळीच्या पंचांनाही तसंच हवंय. तुम्हाला जड जात असेल तर आमच्या सलोनीची आई बसवेल नाटक."

"छे, जड कसलं?" नंदाबाई दाराकडे वळल्या. "भिंत पाडायला काय अक्कल लागते?"

रविवारी उपासनेनंतर चर्चचं सभागृह गच्च भरलं. पाळकांची सलोनी यहोशवा झाली होती. काजळाच्या मिशा, पुठ्ठ्याची तलवार. सैन्याने सहा फेऱ्या पुऱ्या केल्या. सातवीला कागदी रणशिंगं वाजली आणि कडेला उभ्या असलेल्या नंदाबाईंनी, ठरल्याप्रमाणे, हात वर करून खूण केली.

आरोळी उठली. खोकी एकामागून एक आडवी झाली. टाळ्या सुरू झाल्या.

एक खोकं उभंच होतं.

"पड की गं!" पहिल्या रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. थोडा हशा पिकला. पोरीला खूण कळली नसेल, असंच सगळ्यांना वाटलं. सलोनीने पुन्हा आरोळी ठोकली. खोकं हललं नाही.

नंदाबाईंनी तनुजाला काहीच पढवलं नव्हतं. तालमीत तर त्यांनी तिला पडायलाच सांगितलं होतं, दोनदा. आता मात्र त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग कांबळ्यांचा धाकटा आपल्या आडव्या खोक्यातून रांगत बाहेर आला. उठला, गुडघे झटकले आणि तनुजाच्या खोक्यामागे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून त्याचा भाऊ गेला. मग भिंतीतली उरलेली सगळीच. फ्रिजच्या एका खोक्याआड सात मुलं मावत नव्हती. कुणाची कोपरं दिसत होती, कुणाच्या वेण्या. मागच्या रांगेत धायरीहून आलेल्या बायका एकेक करून उठून उभ्या राहिल्या. टाळ्या कधी थांबल्या ते कुणालाच कळलं नाही.

पाळकांनी पहिल्या रांगेतून नंदाबाईंना हाताने खुणावलं, आटपा. बाईंनी ती खूण नीट पाहिली. चष्मा काढला, पदराने सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. हात काही उचलला नाही.

सलोनीच्या मिशा घामाने ओघळल्या होत्या. तिने तलवार या हातातून त्या हातात घेतली. माइक तिच्या कॉलरलाच होता, त्यामुळे तिचं कुजबुजणं अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.

"बाई, ही पडतच नाहीये. आता मी काय करू?"

"तलवार ठेव खाली," नंदाबाई म्हणाल्या. "आणि त्यांना विचार, आत जागा आहे का."

सलोनीने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग तलवार पायाशी ठेवून ती पुढे झाली.