एका पुडीला पाणी किती?

मी किरनापूरजवळच्या एका गावातला जुना मोबाइल आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे. माझी मालकीण अंजनाबाई, गावची आशाताई, म्हणजे घरोघर जाणारी आरोग्यसेविका. तिच्या पिशवीत औषधांच्या पुड्यांशेजारी माझी जागा.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा माझे फार लाड झाले. पुढे पोरं मला 'डब्बा' म्हणू लागली. मग नर्सबाई प्रियंकाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे मोफत धडे माझ्यात उतरवून दिले. कोणत्या उपायाने खरंच गुण येतो, हे तपासून डॉक्टरांनी ते तयार केले आहेत. अंजनाबाई तांदूळ निवडता निवडता ते पाहू लागली आणि मला पदराने पुसू लागली. खोटं कशाला सांगू, मी हुरळून गेलो.

एका सकाळी गोदाबाईच्या वर्षभराच्या नातवाला, रजतला, जुलाब लागले. अंजनाबाईने ओआरएसची पुडी दिली आणि नेहमीसारखं गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाण्यात कालवायला सांगितलं. घरी येऊन तिने जुलाबांचा धडा उघडला. एका पुडीला पूर्ण एक लिटर पाणी हवं, कमी पाण्यात मिठाचं प्रमाण वाढतं आणि लेकराला अपाय होतो, असं त्यात होतं. तिने लिटरची बाटली आणली आणि गडव्यात ओतून पाहिली. गडवा काठोकाठ भरला, तरी बाटलीत बरंच पाणी उरलं.

बारा वर्षं अंजनाबाई घरोघर गडवाच सांगत आली होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं, आणि बोलली तर उद्या तिचं कोण ऐकणार? पण तिकडे रजत तेच पाणी पीत होता. तिने बाटली उचलली, मला पिशवीत टाकलं आणि सायकल दामटली.

आम्ही पोचलो तेव्हा रजतच्या पोटात दोन-तीन चमचेच गेले होते.

"काकी, ते पाणी फेका. माह्या हातून चूक झाली," अंजनाबाई गोदाबाईला म्हणाली.

आजोबा प्रेमलाल उखडले. "बारा सालापासून तूच गडवा सांगून राह्यली. आज बाटली काहून?"

"मलेच चुकीचं ठाऊक होतं, काका."

तिने मला त्यांच्या हातात दिलं. एरवी मी दर मिनिटाला अडखळतो, पण त्या दिवशी धडा सलग चालवला. धडा हिंदीत होता, पण आमच्या भागात हिंदी घरचीच, त्यांना सगळा समजला. "हौ," एवढंच म्हणून ते स्वतः बाटलीभर पाणी आणायला उठले.

अंजनाबाई त्यात नवी पुडी कालवून चमच्याचमच्याने पाजत बसली. दुपारी रजतने गोदाबाईचं लुगडं ओलं केलं. लेकराला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी टिकू लागलं. गोदाबाई हसत होती आणि अंजनाबाईला रडू फुटलं होतं. मला माझी मालकीण त्या दिवशी फार आवडली.

तेव्हापासून अंजनाबाई ती बाटली आणि मला घेऊन दारोदार फिरते. प्रत्येक दारात आधी म्हणते, "मी चुकली होती." कुणी टोमणा मारतं, कुणी चहा पाजतं.

मित्रांनो, माझी बॅटरी आता लवकर बसते. मला धुळीपाण्यापासून थोडे दिवस जपा. अजून नऊ घरं राहिली आहेत.