हौद भरेपर्यंत

माझ्या बहिणीच्या, लोरीच्या, कळा पहाटे सुरू झाल्या आणि घरभर गरम पाणी पुरवणाऱ्या आमच्या बॉयलरने बंद पडायला नेमका तोच मुहूर्त साधला.

स्वयंपाकघरात गेले तर त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. मी रीसेटचं बटण दाबलं. आत घरघर झाली, ज्योत एकदा भपकली आणि विझली. मग बाबांनी दाबलं. लोरीच्या नवऱ्याने, गेथिनने, दाबलं. शेजारच्या प्रॉसरबाई झोपायच्या झग्यावर कोट चढवून आल्या, "सरका, तुम्हाला दाबता येत नाही," म्हणाल्या आणि त्यांनीही दाबलं. दिवा लालच.

बाहेर सगळी दरी गोठली होती. उतारावरच्या घरांची छपरं एकाखाली एक पांढरी पडली होती. पुढच्या खोलीत, सोफा उभा करून केलेल्या जागेत, गेथिनने फुगवून ठेवलेला निळा हौद कोरडा ठणठणीत होता.

त्या हौदासाठी लोरी हटून बसली होती. कोमट पाण्यात बाळंत व्हायचं आणि याच घरात. का, ते तिने कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. बाळंतपणाचं हॉस्पिटल डोंगरापलीकडे आहे आणि त्याच इमारतीत सप्टेंबरमध्ये आमची आई गेली. त्या दिवसापासून लोरी डोंगराच्या त्या बाजूला फिरकली नव्हती.

"पण मी काही शूर नाही हं," उभ्या सोफ्याला टेकून ती म्हणाली. "पाणी असेल तर इथे. नसेल तर न्या मला तिकडे आणि पाठीत भुलीची सुई द्या. मी काही बोलणार नाही."

काही बोलणार नाही म्हणताना तिचा आवाज अगदी सपाट झाला. मला तेच ऐकवेना.

सुईणबाई शोनेड हातातलं घड्याळ खिशात टाकत मला बाजूला घेऊन म्हणाली, "पहिलटकरणीला इतकी घाई क्वचित असते. न्यायचं असेल तर लवकर ठरवा. एकदा बाळ खाली सरकलं की बर्फाच्या रस्त्यावर मी हिला गाडीत बसू देणार नाही."

मी एमलिनला फोन लावला.

आमच्या गावात तीन एमलिन आहेत. एक बेकरी एमलिन, एक बॉयलर एमलिन, आणि तिसरा काहीच करत नाही म्हणून नुसता एमलिन. बॉयलर एमलिन खालच्याच गल्लीत राहतो. तो गात गात आला, लोरीला पाहून एकदम गप्प झाला आणि टोपी काढून चवड्यांवर चालत खोलीतून पार झाला.

"घाबरू नकोस पोरी," दारातून मागे वळून म्हणाला. "माझ्या हाताखाली कोणी मेलेलं नाही. बॉयलर मेलेत दोनचार."

"एमलिन, तोंड कमी, हात जास्त!" लोरी ओरडली आणि पुढची कळ आली.

त्याने बॉयलरचं झाकण उतरवलं. प्रेशर पाहिलं, ठीक. ठिणगी पाहिली, ठीक. गॅस येत होता. दरम्यान प्रॉसरबाईंनी गल्ली उठवली होती. पुढच्या दारातून किटल्या, पातेली, कोणाची तरी माशांसाठी ठेवलेली भलीमोठी कढई, असं एकेक गरम पाणी आत येत होतं आणि हौदात पडत होतं. तळ झाकला, घोट्याएवढं झालं, आणि मग पुढे सरकेचना. पुढची किटली येईपर्यंत आधीची निवत होती.

"या दराने बाळ शाळेत जाईल तेव्हा हौद भरेल," शोनेड म्हणाली.

मी स्वयंपाकघरात धावले. "बाहेरची नळी गोठली असेल का?"

बॉयलरमधल्या वाफेचं पाणी होतं आणि ते एका पांढऱ्या नळीतून भिंतीबाहेर, परसातल्या मोरीत पडतं. कडाक्याच्या थंडीत ती नळी गोठली की बॉयलर बसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"पहिलं तेच आलं असतं मनात," एमलिन बॉयलरमध्ये डोकं घालून म्हणाला. "पण तुमची नळी नाही गोठायची. तुझ्या आईला, ग्वेनेथला, मीच सांगितलं होतं, गुंडाळून ठेव म्हणून. तिने काय बांधावं? आपलं लोकरीचं कार्डिगन! वर बटणंसुद्धा लावली. मी हसलो तर म्हणते, तुला थंडी वाजते, तिला वाजत नाही का? नाही, नळी नाही. हा पंखा गेलाय. कार्डिफहून मागवावा लागेल."

"कधी येईल?"

"उद्या."

पुढच्या खोलीतून लोरीचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. गेथिनला म्हणत होती, "गाडीची काच खरवडून ठेव."

बाबा ओट्यापाशी उभे होते. मघापासून ते एकच कप पुसत होते.

"एमलिन," ते म्हणाले. "नळीवर कार्डिगन नाही."

"नाही म्हणजे? मी गेल्या हिवाळ्यात पाहिलंय."

"होतं. मी काढलं." बाबांचे कान लाल झाले. दारात प्रॉसरबाई, त्यांच्यामागे किटल्या घेतलेल्या दोघी. एवढ्या लोकांदेखत बाबा बोलले. "तिचे कपडे सगळे देऊन टाकले ना पोरींनी. बाहेर एवढं एक उरलं होतं. धुतलं मी. वरती आहे, उशीपाशी."



"अरे देवा, ब्रिन!" एमलिनने बाबांकडे पाहत पाना टाकला आणि परसात झेप घेतली. आम्ही मागोमाग. नळी उघडी, पांढऱ्यावर पांढरं बर्फ चढलेली. त्याने बोटाने टकटक केली. दगडासारखा आवाज आला.

"पंखा ठणठणीत आहे!" तो आनंदाने ओरडला. "मीच गाढव! पाणी आणा! उकळतं नको, नळी तडकेल. अंगाला सोसेल असं, आणि भरपूर!"

किटल्यांमधलं उकळतं होतं. नळाचं बर्फ होतं, आणि दोन्ही मिसळून भरपूर करायला किटल्या पुरत नव्हत्या. अंगाला सोसेल असं भरपूर पाणी सगळ्या गल्लीत एकाच ठिकाणी होतं.

मी बादली घेऊन हौदापाशी गेले.

"खबरदार!" लोरी गुडघ्यांवर होती, केस कपाळाला चिकटलेले. "घोटाभर जमलंय कसंबसं, तेही नेतेस?"

"हे दे, मग हवं तेवढं देते."

"आणि नाही पेटला तर?"

शोनेडने तिच्या पाठीवर हात ठेवला. लोरीने माझ्याकडे पाहिलं, आईच्या अंत्यसंस्काराच्या सकाळी पाहिलं होतं तसं. मग म्हणाली, "ने. पळ!"

मी पळाले. गेथिन पळाला. प्रॉसरबाई झगा खोचून पळाल्या. हातोहात बादल्या मागे जात होत्या, मी नळीवर ओतत होते, माझे बूट भिजून तिथल्या तिथे कडक होत होते. एमलिन मोरीपाशी आडवा पडून नळीचं तोंड चाचपत होता. "अजून! वरून! कोपऱ्यावर ओत, कोपऱ्यावर!"

हौदातली शेवटची बादली आली. ती अर्धीच होती. ओतली. काही झालं नाही.

मग नळीत काहीतरी सरकलं. हातभर लांब, मेणबत्तीसारखा बर्फाचा सोट सुळ्ळकन बाहेर आला, मोरीवर आपटून फुटला, आणि त्यामागून तुंबलेलं पाणी भडाभडा सुटलं, थेट एमलिनच्या बाहीत.

"दाबा!" तो किंचाळला. "कोणीतरी दाबा!"

बाबांनी बटण दाबलं. ठिणगी. भपका. आणि तो भपका विझला नाही. घूं असा सलग सूर लागला, लाल दिवा गेला, हिरवा आला. परसात, गल्लीत, पुढच्या खोलीत एकच गलका उठला. प्रॉसरबाईंनी एमलिनचा मुका घेतला आणि लगेच "कोणाला सांगू नकोस" असं सगळ्यांसमोर बजावलं.

एवढ्यात बाबा वर जाऊन ते राखाडी कार्डिगन घेऊन आले. घडी केलेलं. त्यांनी ते एमलिनपुढे धरलं.

एमलिनने ओल्या बाहीने नाक पुसलं. "गाडीत नळीवर बांधायचा फोम आहे माझ्या," तो म्हणाला. "तो लावतो. हे राहू दे तुझ्याकडे."

बाबा घडी तशीच घेऊन जिना चढले.

नळाला पाईप लावला आणि हौद चढू लागला. घोटा, पोटरी, गुडघा. शोनेडने कोपर बुडवून पाहिलं आणि मान हलवली. लोरी आत उतरली. पाणी कमरेशी आलं तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी विसरणार नाही. गेथिन गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. लोरी त्याला म्हणाली, "ठेव ती खाली आणि ये इकडे."

पंचाईत झाली ती एमलिनची. तो फोम बांधून आत येईपर्यंत लोरीच्या खोलीतून जाणारी पुढच्या दाराची वाट बंद झाली होती आणि मागच्या फाटकाची कडी गोठली होती. "मी डोळे मिटून जातो," तो दाराआडून म्हणाला.

"तू तिथेच थांब!" शोनेड गरजली.

शेवटी त्याने परसाच्या भिंतीवर चढायचं ठरवलं. तो वर घोड्यासारखा बसला असतानाच आतून रडणं ऐकू आलं. बारीक, संतापलेलं, खणखणीत.

बाबा जिन्यावरून कसे उतरले कोण जाणे. ते हौदाच्या कडेशी गुडघ्यांवर बसले आणि बाही वर न सारताच त्यांनी हात पाण्यात घातला. लोरीच्या छातीवर लालभडक पोर मुठी आवळून ओरडत होतं.

"गरम आहे," बाबा म्हणाले.

"आहेच," लोरी म्हणाली. "आता मला कुठेही न्यायचं नाही."

मी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. मागच्या गल्लीत, भिंतींपाशी, कोट घातलेली सगळी आळी उभी होती.

"काय झालं गं?" भिंतीवरून एमलिनने विचारलं.

"मुलगी!" मी जीव खाऊन ओरडले.