वाडीत मुरलेली जीन

लिलीच्या भावाने, प्लासिडने, कुवेतहून भाच्यासाठी जीनची पँट पाठवली ती इतकी कडक, की लिलीने पडवीच्या भिंतीला टेकवली तर माणसासारखी उभी राहिली. युजीन मात्र पँटकडे बघून हिरमुसला.

"नवीकोरी आहे गं."

"मग मामा काय जुनी पाठवणार?" लॉरेन्सने विचारलं.

तेव्हा कुठे बापाला कळलं, की पापडी गावात नात्यातल्या आग्नेलच्या लग्नात सगळी पोरं विटलेली जीन घालून येणार. नवी घालून गेलं तर हसतील. लग्न ईस्टरनंतर होतं, त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नुकताच लागला होता. युजीनने बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर पँट विटेने घासली, मिठाच्या पाण्यात भिजवली, दगडावर आपटली. गुडघ्यांवर दोन पांढरे चट्टे तेवढे उठले.

"खरूज झालेल्या कुत्र्यागत दिसतेय," लिली म्हणाली.

पोर रडकुंडीला आलं. लॉरेन्सला वाईट वाटलं. आजवर पोराला हौसेचं काही घेऊन दिलं नव्हतं, आणि आयुष्यभर अर्ध्या चड्डीत वावरलेल्या माणसाला फॅशन काय कळणार? पण कपडा झिजवणं हे तर त्याचं रोजचंच काम.

"आण इकडे. केळीच्या वाडीत कामाला घालतो. ईस्टरपर्यंत जुनी करून देतो."

"बाबा, चीक लागला तर?"

केळीच्या चिकाचा डाग कपडा फाटला तरी जात नाही, हे त्यांच्या सांडोर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"एक थेंब लागू देणार नाही."

आणि त्याने शब्द पाळला. केळीचा घड कापायचा झाला की पँट उतरवून चड्डी घालायची, खुरपायला बसताना पुन्हा पँट.

"नवरीसुद्धा इतके कपडे बदलत नाही हो," लिली हसायची.

हळूहळू लॉरेन्सच्या ध्यानात आलं, की खुरपताना गुडघ्यांना खडे टोचत नाहीत. गुडघ्याखाली घ्यायचा गोणपाटाचा तुकडा कुठे पडला ते त्याला आठवेना. संध्याकाळच्या रोझरीला तो आता शेवटपर्यंत गुडघ्यांवर राहू लागला.

"यंदा भक्ती वाढलीय," लिली म्हणाली. त्याने कारण सांगितलं नाही. पँट पोराची होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्याने ती धुऊन, सावलीत वाळवून युजीनच्या हातात दिली. गुडघ्यांवर निळा रंग असा काही अलगद उतरला होता, की युजीन बघतच राहिला.

"बाबा, एकदम ओरिजिनल!"

सण झाला. लॉरेन्स पुन्हा चड्डीवर खुरपायला बसला. उठताना केळीला धरून "आई गं" म्हणाला. मागे पाण्याच्या पाटाजवळ युजीन कधी येऊन उभा राहिला होता, ते त्याला कळलंच नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी युजीन पँट घेऊन पडवीत आला. "बाबा, हिला चीक लागलाय. मला नाही चालणार. तुम्हीच घाला."

मागच्या खिशाखाली तळहाताएवढा डाग होता. लिलीने कपाळाला हात लावला.

लॉरेन्सने पँट उजेडात धरली. चिकाचा डाग जुना झाला की काळा पडतो. हा अजून तांबूस होता, मधे ओलसरही. त्याने युजीनच्या बोटांकडे पाहिलं. नखं तांबूसच होती.

"माझीच नजर चुकली असेल," तो म्हणाला. "मग तू उद्या काय घालणार?"

"टेरिकॉटची आहे ना. इस्त्री केली की झालं."

"थांब, इस्त्रीत कोळसे मी भरतो," लॉरेन्स म्हणाला, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला.