वीतभर अंतर

मी जैतुनाच्या लाकडाची, जेमतेम वीतभर लांबीची नळी आहे. माझे एक टोक गर्भवतीच्या पोटावर टेकते, दुसऱ्याला डॉक्टरचा कान लागतो, आणि आतल्या बाळाचा ठोका माझ्यातून जातो. बोलणे हे माझे काम नव्हे. तरी एका दुपारी माझ्यातून जे गेले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

स्फाक्स शहरातल्या एका काताऱ्याने लाकूड कातून मला घडवले. पुढे डॉ. मुन्सिफ यांनी मला आपल्या विद्यार्थिनीच्या, रौधाच्या, हाती दिले आणि बजावले, "कान टेकव पोरी, मन टेकवू नकोस. आपलंच मन धडधडायला लागलं, की बाळाचं काही ऐकू येत नाही."

रौधाबाईंनी तो शब्द पाळला. केफच्या डोंगरातल्या त्या लहानशा प्रसूतिगृहात बायका त्यांच्यामागे कुजबुजत, "हिच्या तोंडावर हसू आणायचं तर अडलेल्या बाळासारखं चिमटा लावूनच ओढावं लागेल!" मलाही त्या कोरड्याच वाटत. त्यांचा कान नेहमी थंड असे.

सालूहा आली ती तापाने फणफणलेली. सोबत सासू, जाझिया. बाळाची हालचाल थांबली होती. रौधाबाईंनी मला टेकवले, जागा बदलली, पुन्हा टेकवले. बाळाचा ठोका घोड्याच्या दौडीसारखा असतो. त्या दुपारी दौड नव्हती.

"बाळ गेलंय, सालूहा," त्या सपाट आवाजात म्हणाल्या. "आणि आता तुझ्या अंगात विष भिनतंय. आजच मोकळं व्हायला हवं, नाहीतर तूही हाती लागणार नाहीस."

जाझिया उसळली. "गेलं नाही, झोपलंय! आमच्यात मुलं पोटात झोपतात, डॉक्टरीणबाई. माझ्या चुलतसासूचं दोन वर्षं झोपलं होतं. उठलं, जन्मलं, आज टॅक्सी चालवतंय!"

"मावशी..."

"तुमच्या पुस्तकात नसेल ते. चल गं, ऊठ. जागं झालं की येऊ."

आणि सालूहा खरोखरच उठू लागली. झोपलेल्या बाळाची आई होऊन घरी जाणे तिला हवे होते.

या समजुतीला हसणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, ओरडणारेही. रौधाबाईंनी मला जाझियाच्या हातात ठेवले. "मावशी, तुम्हीच ऐका."

म्हातारी वाकली. तिची चांदीची बाळी माझ्यावर किणकिणली. क्षणभराने ती ओरडली, "आहे! ठोका आहे! सालूहा, जागं झालं गं!"

"कान काढू नका," रौधाबाई म्हणाल्या. त्यांनी जाझियाची बोटे धरून सालूहाच्या मनगटावर ठेवली. "आता दोन्हीकडे लक्ष द्या."

पोटातला ठोका आणि मनगटातला ठोका एकदमच पडत होते. दोन्ही सालूहाचेच होते.

म्हातारी बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग पुटपुटली, "हे तर हिचं आहे."

"हो. जागी ही आहे. मावशी, झोपलेल्याला उठवणं मला येत नाही. हिला झोपू न देणं येतं. देऊ नका ना हिला झोपू."

जाझियाने पदराने तोंड पुसले. "पड गं पोरी. ही दगडाची बाई सांगते ते कर. मी इथंच बसलेय."

तेव्हा कुठे सालूहा रडली. रडतारडता म्हणाली, "ताई, एकदा... शेवटचं ऐका ना."

ऐकण्यासारखे काही उरले नव्हते, हे तिघींनाही ठाऊक होते. तरी रौधाबाईंनी मला टेकवले, दर वेळेइतक्याच काळजीने, जागा बदलत, कुठेही घाई न करता. कान तसाच थंड, हात तसाच स्थिर. पण लाकडाला ओल कळते. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा कोरडा होता. ओल माझ्याकडे राहिली होती. मग त्यांनी हात धुतले आणि त्या कामाला लागल्या.

सालूहा वाचली.

दगडात पाणी असते, हे डोंगरातल्या माणसांना सांगावे लागत नाही. मला मात्र ते त्या दुपारी कळले, आणि त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.

आता ठोके पडद्यावर दिसतात. मी बाईंच्या डगल्याच्या खिशात पडून असते. माझ्या कडेला एक फिकट डाग आहे. पुढे कधी कोणी मला उजळायला घेतले, तर एवढीच विनंती: बाकी सारे खुशाल घासा, तेवढा डाग राहू द्या.