घराण्याची जीभ

श्रीवर्धनच्या शाळेत मास्तर असलेल्या विश्वंभरपंतांना कारलं चालत नसे. पडवळाचा त्यांना वास येई, शिराळं बुळबुळीत लागे, आणि टाकळा ही भाजी माणसांसाठी नसून गुरांसाठी आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बायकोने, गोदावरीने, ताटात काही हिरवं वाढलं की ते आधी वाकून हुंगत, मग बोटाच्या टोकाने ते ताटाच्या कडेला सारत आणि म्हणत, "आमच्या घराण्याची जीभच नाजूक." त्यांचे आजोबा हरिहरेश्वरला पंगतीत पडवळ वाढलं म्हणून भरल्या ताटावरून उठले होते. ही हकिकत पंत अशा थाटात सांगत, की आजोबांनी एखादा किल्लाच सर केला होता असं ऐकणाऱ्याला वाटावं.

ही नाजूक जीभ पुढच्या पिढीत उतरायला वेळ लागला नाही. नऊ वर्षांचा माधव बापासारखाच हुंगायचा, सहा वर्षांची कुमुद बापासारखीच बोटाने सारायची. "बघ, रक्त बोलतंय!" पंत कौतुकाने म्हणत. रक्ताला फक्त तूपभात, गूळ आणि तळलेला बटाटा चालत असे.

त्या पावसाळ्यात रक्त हिरड्यांतून बोलू लागलं. माधवच्या हिरड्या सुजल्या, कुमुदच्या ओठांचे कोपरे चिरले. अलिबागहून आलेल्या डॉक्टरांनी दोघांची तोंडं पाहिली आणि भाज्या खायला घाला, एवढंच सांगितलं. त्यांनी औषधाची बाटली दिली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पंतांनी मुंबईहून आहारशास्त्राची पुस्तकं मागवली, आठवड्याभरात वाचून काढली, आणि गावाला एक आहारतज्ज्ञ मिळाला. रोज संध्याकाळी वाचनालयात ते जीवनसत्त्वांवर बोलू लागले. घरात कायदा झाला: भाजी संपल्याशिवाय मुलांनी पाटावरून उठायचं नाही.

"इकडेही वाढू का थोडी?" गोदावरीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"माझी वाढ पूर्ण झाली आहे," पंत म्हणाले आणि बटाट्याच्या काचऱ्या पुढ्यात ओढून घेतल्या.

माधव रोज पाटावर बसून रडे आणि शाळेला उशिरा पोचे. कुमुद मात्र घास गालात धरून हसतमुखाने उठे, परसात जाई आणि एका पोफळीच्या बुंध्याशी तो टाकून येई. त्या पोफळीला जीवनसत्त्वांची काही ददात उरली नाही. हे उघडकीला आलं तेव्हा पंतांनी पुस्तकं पुन्हा चाळली आणि दोष कुठे आहे ते शोधून काढलं.

"तुझ्या हाताला चव नाही," ते बायकोला म्हणाले.

गोदावरीला ते लागलं. ती नागावची. माहेरच्या वाडीत कुंपणावर जे चढेल ते शिजायचं आणि बोटं चाटून खाल्लं जायचं. या घरात आल्यापासून सगळ्यांचं उरकल्यावर ती स्वयंपाकघराच्या दाराआड एकटी जेवायला बसायची, गावातल्या साऱ्या बायका बसायच्या तशी. सगळ्यांनी नाकारलेली कारली तिच्या वाटणीची. तेलात खरपूस झालेली, वर ओलं खोबरं, सोबत तांदळाची भाकरी. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा असे, आणि तो ती मुळीच घाईने संपवत नसे.

एका दुपारी कुमुद परसात पडली आणि गुडघा फोडून घेऊन धावत आत आली. आईला पाहून ती दारातच थबकली. रडायचंसुद्धा विसरली.

"आई, तू जेवतेस?"

"मग? वाऱ्यावर जगते की काय?"

"मला वाटलं, तू नुसतं वाढतेस."

गोदावरीचा घास हातातच राहिला. हसावं की काय करावं तिला कळेना. पोरीने आईला कधी खाताना पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते एकाच माणसाला, आणि तो माणूस ताटाशी बसला की आधी हुंगत असे.

"काय खातेस?"

"कारलं."

"कडू नाही लागत?"

"लागतं की. म्हणून तर भाकरी गोड लागते."

कुमुद शेजारी येऊन बसली. आईचा एकेक घास तिने निरखून पाहिला, मग आपणच तोंड उघडलं. पहिल्या कापाला तिचा चेहरा थेट पंगतीतून उठणाऱ्या पणजोबांचा झाला. पण आई ना रागावली, ना तिने कौतुक केलं. ती आपली जेवत होती. थोड्या वेळाने कुमुदने दुसरा काप आपल्या हाताने उचलला.

त्या संध्याकाळी पंत वाचनालयात जीवनसत्त्वं समजावून सांगत असताना गोदावरीने दिवेलागणीला तीन पाट मांडले आणि मुलांच्या मधोमध स्वतः बसली. "खा" असं ती कुणालाच म्हणाली नाही. माधव नुसता बघत राहिला. दोनचार दिवसांत मात्र, कुमीला जास्त वाढलंस म्हणून त्याने भांडण काढलं.

हे भांडण ऐन रंगात असताना शेजारच्या नीराबाई विरजण मागायला आल्या आणि त्यांनी तोंडाला पदरच लावला.

"नवऱ्याच्या आधी जेवलीस, गोदावरी?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. विरजणाची वाटीही तिथेच राहिली. बातमी पंतांपर्यंत पोचली, आणि पंत टोपी न काढताच स्वयंपाकघरात आले.

"माझ्या आधी? या घरात असं कधी घडलेलं नाही!"

गोदावरी घाबरली होती. पण पोट भरलेलं होतं, आणि भरल्या पोटी नवऱ्याचा आवाज जरा लहान ऐकू येतो, हा तिला नवाच शोध लागला.

"मुलांना कुणीतरी खाताना दिसायला हवं," ती म्हणाली. "इकडून त्यांच्याबरोबर बसून कारलं खाणं होणार असेल, तर मी उद्यापासून पूर्वीसारखी मागून जेवेन." आणि तिने पंतांचं ताट मांडून त्यात कारल्याचे काप वाढले.

पंतांनी ताटाकडे पाहिलं. एका बाजूला घराण्याची चालरीत, दुसऱ्या बाजूला कारलं. मुलं दारात उभी राहून बघत होती. पंतांनी वाकून हुंगलं, आणि चालरीत सोडली.

"मुलांच्या प्रकृतीपुढे रूढी गौण आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "बटाटा आहे का?"

बटाटा होता.

दसऱ्यापर्यंत माधवच्या हिरड्या बऱ्या झाल्या. पंतांनी वाचनालयात खास व्याख्यान दिलं: मातेने मुलांच्या पंक्तीला बसावे. हा प्रयोग आपण स्वतःच्या घरी कसा योजला, लोकनिंदा कशी सोसली, हे त्यांनी तासभर सांगितलं. टाळ्या पुष्कळ पडल्या.

दुसऱ्या दिवशी नीराबाई कुंपणापाशी आल्या.

"आमच्याकडे हुकूम झालाय, मुलांबरोबर बसून जेव म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "लाज वाटली गं. पण किती दिवसांनी ऊन ऊन भात खाल्ला! तुझे यजमान खरे विद्वान. त्यांना हे सुचलं तरी कसं?"

"फार वाचतात ते," गोदावरी म्हणाली आणि वेलीवरची दोन कोवळी कारली तोडून तिने नीराबाईंच्या हातात ठेवली.